सलाईनची सुई आणि माझा पहिला शोध

एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मेडिसिन वॉर्डात एका आजींचं इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवलेली सलाईनची सुई, बदलत होते. चांगलं चालू होतं. लाली नाही, सूज नाही. पण ७२ तास झाले, म्हणून काढलं. नवी शीर मिळेपर्यंत तीनदा टोचावं लागलं. आजी काही बोलल्या नाहीत, हात पदराखाली घेतला. चांगली चाललेली सुई ठरल्या वेळी बदलायलाच हवी का? त्या रात्री या स्वतःच्या प्रश्नासाठी पहिल्यांदा पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट, उघडलं.

प्रश्न जसा मनात आला तसा टाईप केला आणि नको त्या लेखांचा ढीग समोर आला. मग पिको, म्हणजे प्रश्नाचे चार भाग, मांडला: पेशंट कोण, काय करायचं, तुलना कशाशी, मोजायचं काय. हे चारही भाग एकदम शोधात घालू नका, हाती काहीच लागत नाही. मी फक्त दोन घेतले, सुई आणि ती बदलणं. आपण इंट्राकॅथ म्हणतो, लेखात कॅन्युला किंवा पेरिफेरल कॅथेटर असतं. एकाच अर्थाचे शब्द ‘ऑर’ने जोडायचे, वेगळे मुद्दे ‘अँड’ने, दोन्ही कॅपिटलमध्ये. मेश ही पबमेडची ठरलेली शब्दसूची जरूर वापरा, पण काही लेखांना, विशेषतः अगदी नव्या, ते शब्द लागलेले नसतात, म्हणून साधे शब्दही सोबत हवेत.

मग सापडला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २०१२ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास: ३,२८३ पेशंट, एका गटात सुई ठरल्या वेळी बदलली, दुसऱ्यात गरज पडली तेव्हाच; फ्लेबायटिस, म्हणजे शिरेचा दाह, दोन्ही गटांत ७ टक्के. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यात असे ९ अभ्यास होते, फ्लेबायटिसबद्दल निष्कर्ष तोच. मात्र गोषवाऱ्याच्या शेवटच्या ओळीवर थांबू नका. ठरल्या वेळी बदललेल्या सुयांमध्ये सलाईन बाहेर पाझरणं आणि सुई बंद पडणं थोडं कमी होतं, हेही तिथेच लिहिलंय.

सिनाहल या नर्सिंगच्या लेखांच्या डेटाबेसला पैसे पडतात. कॉलेजच्या लायब्ररीत विचारा. पेशंटच्या अनुभवांवरचं नर्सिंगचं संशोधन तिथे जास्त मिळतं. आणि प्रत्येक शोध तारखेसह वहीत उतरवा. प्रबंधाच्या वेळी गाईड तोच मागतात.

प्रोटोकॉल आपल्या मनाने बदलायचा नसतो. मी कागद इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांकडे नेले. त्यांनी वाचून एवढंच विचारलं, “यात दर ड्युटीला सुईची जागा बघा म्हटलंय. आपल्याकडे बघतात?” पुढचा शोध मी सुईची जागा तपासायच्या व्हीआयपी स्कोअरवर केला.