खुरपणी-लावणीच्या दिवसांत शुगर असलेल्यांनी तळपाय रोज बघावा

पानावर ठिपका दिसला की आपण पान उलटून बघतो, बुरशी आहे की किडीने खाल्लंय ते ठरवतो. भातलावणी आणि खुरपणीच्या या दिवसांत घरात ज्यांना शुगर आहे, त्यांचा तळपायही तसाच रोज उलटून बघायला हवा. मातीतली आणि कुजक्या काडीकचऱ्यातली बुरशी माणसाच्या पायातही घर करू शकते. असं क्वचितच होतं, पण उशीर झाला तर पाय गमावण्याची वेळ येते.

शुगर जुनी झाली की पायाच्या नसा बधिर होतात. बाभळीचा काटा, सराटा किंवा तुरीचं धसकट रुतलं तरी कळत नाही आणि माणूस संध्याकाळपर्यंत तसाच चालत राहतो. टोक आत मोडतं, त्याच्याबरोबर मातीही आत जाते.

अशा काट्यातून होणाऱ्या एका आजाराला मायसेटोमा म्हणतात. १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यात त्याची नोंद झाली, म्हणून त्याला 'मदुरा फूट' असंही नाव पडलं. पुढे मुंबईत डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी त्यामागे बुरशी असल्याचं मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दुर्लक्षित आजारांच्या यादीत त्याचा समावेश केला. तो शुगर नसलेल्या धडधाकट शेतकऱ्यालाही होतो. सुरुवातीला पायावर कडक गाठ येते, ती दुखत नाही. महिन्यांनी, कधी वर्षांनी गाठीला तोंडं पडतात आणि पुवातून खसखशीएवढे काळे, पांढरे, पिवळे किंवा लाल दाणे येतात. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही, आणि तोवर हाड पोखरलं जातं.

हाच आजार बुरशीऐवजी जिवाणूंमुळेही होतो. त्याला अँटिबायोटिक लागू पडतं, बुरशीला पडत नाही. बुरशीच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. म्हणून दाण्यांची तपासणी झाल्याशिवाय इंजेक्शनांवर पैसे घालवू नका. रात्रभर जखमेवर बांधलेली स्वच्छ पट्टी सकाळी डॉक्टरांकडे घेऊन जा, तिच्यावर दाणे सापडू शकतात.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण काळ्या बुरशीचं नाव ऐकलं. त्या जातीच्या बुरशी मातीत आणि कुजक्या पालापाचोळ्यात असतात, आणि शुगर फार वाढलेली असेल तर जखमेतूनही शिरतात. इथे महिने मिळत नाहीत. जखमेभोवतीची कातडी काळी पडत चालली, ताप आला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

शेतात अनवाणी उतरू नका. गमबूट घालण्याआधी उलटा करून झटका, आत खडा आहे का ते हाताने चाचपा, आणि ओला बूट दुसऱ्या दिवशी तसाच चढवू नका. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने टिपा. टाचांना खोबरेल तेल लावा, बेचक्यांत मात्र नको. चिखल्या झाल्या असतील तर बेचक्यांतल्या त्या भेगांतूनच पुढचे जंतू शिरतात, त्यांच्यावर वेळेत उपचार करा. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमात स्टेरॉइड असेल तर खाज थांबते, पण बुरशी वाढत राहते. वाकून तळवा दिसत नसेल तर आरसा घ्या, नाहीतर सुनेला, नातवाला बघायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

काटा मोडला तर बिब्ब्याचा चटका, रुईचा चीक, कढत पाण्याचा शेक, यातलं काहीही बधिर पायावर करू नका. भाजलेलंही कळणार नाही आणि नवी जखम होईल. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. फ्लुकोनॅझोलसारख्या बुरशीच्या गोळ्या शुगरच्या काही गोळ्यांबरोबर घेतल्या तर साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून शुगरच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. केसपेपर काढतानाच सांगा : शेतात काम करतो, अमुक महिन्यात काटा लागला होता, आणि शुगर आहे.