पेडियाट्रिक कोरोनरी अँजिओला पहिल्यांदा उभं राहणाऱ्या टेक्निशियनसाठी

मी ठाण्यात पाच वर्षं मोठ्यांच्या अँजिओ केल्या आणि मग नवी मुंबईत लहान मुलांच्या कॅथ लॅबला लागलो. ट्रान्स-हार्बर लोकलला लटकत जाताना वाटायचं, अँजिओ ती अँजिओच, पेशंट फक्त छोटा. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं.

पहिल्याच महिन्यात कावासाकीची (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) केस, दोन वर्षांची मुलगी, इकोत कोरोनरीला, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीला, ८ मिमीच्या वरचा अन्युरिझम (फुगवटा), म्हणजे जायंट. रूट शॉट (अओर्टा म्हणजे महाधमनी, तिच्या मुळाशी डाय सोडून घेतलेलं चित्र) झाला, सरांनी ४ फ्रेंचचा कॅथेटर कोरोनरीला लावला आणि मॉनिटरवर प्रेशरची वेव्ह बसली, म्हणजे चपटी झाली. मोठ्यांकडे लागलेली सवय, वेव्ह बसली की आधी प्रेशर मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरात बबल आहे का ते बघायचं. मी खाली वाकून ट्यूबिंग टिचकवत बसलो, तोंडातून शब्द नाही. वर ईसीजीत एसटी चढला (हृदयाला रक्त कमी पडतंय याची खूण), हार्ट रेट पडायला लागला, सरांनीच ईसीजी बघून कॅथेटर मागे ओढला आणि सगळं जागेवर आलं. माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

हिशोब बघा ना, ४ फ्रेंच म्हणजे १.३३ मिमी, आणि त्या वयात कोरोनरीचं तोंडच जेमतेम दोन मिमी. टोक जरा आत किंवा तिरकं गेलं की बूच बसलंच. म्हणून वेव्ह बसली की आधी मोठ्याने "डॅम्प!" (म्हणजे वेव्ह दबलीये) ओरडायचं, कॅथेटर मागे येऊ द्यायचा. अओर्टात आल्यावर वेव्ह परत आली तर कॅथेटरच अडकला होता, तिथेही सपाटच राहिली तर मग खुशाल ट्यूबिंग बघा. डॅम्प असताना फ्लश नाही, डाय तर नाहीच नाही, व्हेसल फाटू शकते, व्हीएफ (हृदय नुसतं थरथरत राहणं) होऊ शकतं. आणि कधीकधी वरचा आकडा ठीक दिसतो, फक्त डायस्टोलिक खाली जातं. तेही डॅम्पइतकंच वाईट, आणि नवीन माणसाच्या नजरेतून हमखास सुटतं.

बाकी हेपरिन वजनावर, डाय आणि फ्लशचा एमएल-एमएल हिशोब, शीथ (पायाच्या रक्तवाहिनीत घातलेली नळी) निघाल्यावर पायाची पल्स, हे तुम्हाला माहितीये.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या नोट्सचा काडीचा उपयोग नाही. आणि सीनियर निवडायचाच तर तुम्ही मध्येच ओरडलात तरी डाफरणार नाही असा बघा, भले शिकवायला कमी असेल. आमच्याकडचा एक "गप्प उभा राहा" वाला होता, त्याच्यापायीच मी मुका झालो होतो असं मला अजून वाटतं.

घाबरू नका पण. चार-पाच केसमध्ये डोळा बसतो. मी आजही पहिल्या शॉटआधी अओर्टाचं प्रेशर बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो.