लॅपटॉपचं लॉक, प्रायव्हसी फिल्टर आणि मॉनिटरची केबल घ्यायच्या आधी काय बघायचं

लॉक घ्यायचंय, डॉक (एका केबलवर मॉनिटर, यूएसबी सगळं जोडायचा डबा) घ्यायचाय की मॉनिटर जोडायचाय, काहीही असो, शॉपिंग अ‍ॅप उघडायच्या आधी लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि दोन्ही कडांचे फोटो काढून ठेवा. एकाच नावाच्या लॅपटॉपची चार-चार व्हेरियंट निघतात, एकात यूएसबी-सीमधून व्हिडिओ निघतो तर दुसऱ्यात नुसतं चार्जिंग, आणि दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "चालतंय ना सगळ्याला". त्यामुळे रिव्ह्यू वगैरे नंतर वाचा, आधी आपल्या मशीनला कुठली भोकं आहेत ते बघा.

आधी लॉक. अभ्यासिकेत, पीजीमध्ये किंवा को-वर्किंगच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून चहाला जायची सवय असेल तर केबल लॉक घ्याच. कटर घेऊन आलेल्या माणसाला ते थांबवणार नाही, पण जाता जाता उचलून बॅगेत टाकणाऱ्या भुरट्याला थांबवतं आणि अशा ठिकाणी बहुतेक तोच असतो. आता गोची अशी की स्लॉट तीन प्रकारचे आहेत. जुना, सगळ्यांना माहीत असलेला केन्सिंग्टन स्लॉट ७ बाय ३ मिमीचा, पातळ लॅपटॉपवर येतो तो नॅनो ६ बाय २.५ मिमीचा, आणि डेलच्या बऱ्याच मॉडेलना नोबल नावाचा वेज (पाचरीसारखा) स्लॉट असतो. एकाचं लॉक दुसऱ्यात बसत नाही. फोटोत तिन्ही सारखेच दिसतात म्हणून फूटपट्टी लावून मोजा. मॅकबुक एअरला स्लॉटच नाही, तिथे खाली चिकटवायची प्लेट किंवा ब्रॅकेट लागतो. किल्लीवालं की नंबरवालं? मी नंबरवालं सांगेन, किल्ली त्याच बॅगेत राहते आणि बॅग घरी राहते. आणि दुसरं टोक कशाला बांधताय तेही बघा, सरळ पायाच्या टेबलाला वेटोळं घातलं तर टेबल जरा उचललं की वायर खालून मोकळी.

पण खरं सांगायचं तर लॅपटॉप गेला तर ४०-५० हजाराचं नुकसान, आतले आधार-पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंटं आणि ब्राउझरमधले सेव्ह पासवर्ड गेले तर त्याचा हिशोबच नाही. त्यावरचा उपाय फुकट आहे, तो म्हणजे एन्क्रिप्शन, डिस्कवरचा डेटा किल्लीशिवाय वाचताच येणार नाही असा कुलूपबंद करणं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतं, होममध्ये बऱ्याच नव्या मशीनवर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने मिळतं, मॅकवर फाइलव्हॉल्ट. चालू करा. मात्र बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कुठे आहे ते आजच बघून घ्या, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह होते बहुतेक, तरी कागदावर लिहून घरच्या फाइलीत टाका. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं की कधी कधी मशीन उठल्या उठल्या तीच मागतं आणि ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला बंद. नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला असेल तर एन्क्रिप्शन तुम्हाला न विचारता आधीच चालू असण्याची शक्यता आहे, म्हणून "मी कुठे काय चालू केलं" म्हणणाऱ्यांनीही की बघाच.

अँटीव्हायरस विकत घ्यायचा का हा प्रश्न नेहमी येतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आहेच, अपडेट वेळेवर होत असतील तर घरच्या वापराला पुरतो. दुकानदार बिलात वर्षाचं पॅक घुसवतो ते काढायला सांगा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मात्र १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावरच असाल तर अँटीव्हायरसपेक्षा ११ वर जायचं बघा. ब्राउझरची "सिक्युरिटी" एक्स्टेंशनं तर जपूनच टाका, सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी मागणारं एक्स्टेंशन म्हणजे चोराच्या हातात जामदारखान्याच्या चाव्या.

प्रायव्हसी फिल्टर लोकलमध्ये, कॅफेत, विमानात काम करणाऱ्यांसाठी, घरी बसून काम असेल तर पैसे वाया. शेजाऱ्याला काळं दिसतं, पण समोरून तुमचाही ब्राइटनेस कमी होतो आणि बॅटरी जास्त खाते. साइज नुसती इंचात सांगू नका. १४ इंची १६:९ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) स्क्रीन साधारण ३१० बाय १७४ मिमी भरते आणि १४ इंचीच १६:१० भरते ३०२ बाय १८८, म्हणजे एकीचा फिल्टर दुसरीला बसणारच नाही. मोजून घ्या. वेबकॅमच्या सरकत्या झाकणाबद्दल एवढंच की मॅकबुकला ते लावून लॅपटॉप मिटू नका, ०.१ मिमीपेक्षा जाड काही लावलं तर स्क्रीनला तडा जाऊ शकतो असं अ‍ॅपलच सांगतं. कागदी टेपचा तुकडा बरा, आणि तोही काढून मगच मिटा.

आता डिस्प्ले, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

साधा २४ इंची फुल एचडी मॉनिटर असेल तर काही विचार करू नका, लॅपटॉपला एचडीएमआय आहे, मॉनिटरला एचडीएमआय आहे, साधी दोन मीटरची केबल घ्या, सोन्याचा मुलामा दिलेली महागडी घेऊन चित्र उजळत नाही. भानगड ४के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) पासून सुरू होते. लॅपटॉपचा पोर्ट एचडीएमआय १.४ असेल तर ४के मिळतं ते ३० हर्ट्झवर (म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळा बदलतं), माउस हलवला की घसटत चालल्यासारखा वाटतो आणि माणूस मॉनिटरला शिव्या देतो. ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० पाहिजे आणि तेही मॉनिटरला, लॅपटॉपला आणि मध्ये अ‍ॅडॅप्टर असेल तर त्यालाही, सगळ्यात अशक्त कडी जे देईल तेच मिळणार. केबलवर प्रीमियम हाय स्पीड लिहिलेलं बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलाय आणि दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच चित्राचा दुसरा पोर्ट) असेल तर सरळ तोच वापरा, आणि मग विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः बदला, नाहीतर महिनोन्महिने ६० वरच चालतं आणि कळतही नाही.

डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयची स्वस्त केबल एकाच दिशेने चालते, लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तरच. उलटं असेल तर चिपवाला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, बहुतेक त्याला यूएसबीची पॉवरही लावावी लागते. कॉलेजच्या प्रोजेक्टरला अजून व्हीजीए (चित्राचा जुना पोर्ट) असतं, तिथे एचडीएमआय ते व्हीजीए अ‍ॅडॅप्टर चालतो, पण व्हीजीएमधून आवाज जात नाही, तेव्हा ऑडिओ जॅकवाला घ्या नाहीतर सेमिनारमध्ये मूकपट.

यूएसबी-सीची गंमत अशी की भोक एकच, आतली करामत वेगळी. शेजारी विजेचं चिन्ह असेल तर बहुधा थंडरबोल्ट (यूएसबी-सीच्याच भोकाचा वेगवान प्रकार), म्हणजे व्हिडिओ नक्की जाणार (काही कंपन्या चार्जिंगच्या पोर्टलाही तसंच चिन्ह काढतात, म्हणून मॉडेल नंबर टाकून स्पेसिफिकेशन बघाच). इंग्रजी डी आणि पी एकत्र केल्यासारखं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड आहे, म्हणजे यूएसबी-सीमधूनच डिस्प्लेपोर्टचं चित्र जातं, तेही चालेल. काहीच नसेल तर स्पेसिफिकेशनमध्ये डिस्प्लेपोर्ट हा शब्द शोधा, नसेल तर त्या पोर्टमधून साध्या हबने चित्र निघणार नाही, तो कितीही भारी असो. आणि मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली केबल नको, त्या बहुतेक यूएसबी २.० च्या असतात, चार्जिंग होईल, स्क्रीन काळी. हबच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४के आणि बारीक अक्षरात ३० हर्ट्झ असतं, ते बारीक अक्षर आधी वाचा.

मॅकवाल्यांनी वेगळं वाचावं. एम१ आणि एम२ मॅकबुक एअरला बाहेरचा मॉनिटर एकच, एम३ ला दोन चालतात पण झाकण बंद ठेवून, एम४ ला झाकण उघडं ठेवून दोन. दोन एचडीएमआयवाला साधा हब मॅकला लावला तर दोन्ही मॉनिटरवर तेच चित्र येतं, कारण एमएसटी (एकाच पोर्टमधून दोन वेगळी चित्रं पाठवायची पद्धत) मॅकओएस चालवत नाही. तिथे डिस्प्लेलिंक (चित्र साध्या यूएसबी डेटातून पाठवणाऱ्या) चिपवाला डॉक लागतो, त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो, एक्सेल आणि कोडिंगला मस्त, पण त्या स्क्रीनवर नेटफ्लिक्स वगैरे बहुधा काळं दिसेल आणि गेमिंग विसरा.

सगळं जोडून "नो सिग्नल" आलं तर परत करायची घाई नको. मॉनिटरच्या बटणातून इनपुट बरोबर निवडलंय का बघा, मग विंडोजची की आणि पी दाबून एक्स्टेंड करा, मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होऊ द्या. तरी नाही आलं तर मित्राची केबल लावून बघा, आणि हे सगळं रिटर्नची मुदत संपायच्या आत.