कॅमेरा ‘ऑफलाइन’ दिसला की लगेच रीसेट करू नका: या चुका टाळा

सांगलीत गेली बारा वर्षं मी सीसीटीव्ही, व्हिडिओ डोअरफोन आणि मोबाइलवरून चालणारे स्विच बसवतो. सकाळचा पहिला फोन ठरलेला असतो. “दादा, ॲपवर ऑफलाइन दाखवतंय. मी सगळं करून बघितलं.” या ‘सगळं’मध्ये ॲप काढून परत टाकलेलं असतं, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) चार वेळा बंद-चालू केलेला असतो, राउटरच्या मागचं बटण दाबलेलं असतं आणि यूट्यूबवर बघून दोन-चार सेटिंग बदललेल्या असतात. मूळ बिघाड पाच मिनिटांचा असतो. त्यावर केलेले उपचार निस्तरायला मात्र अर्धा दिवस जातो.

‘ऑफलाइन’चा अर्थ एवढाच की घरातला डीव्हीआर कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये. कॅमेरे बहुतेक वेळा चालू असतात, रेकॉर्डिंगही चालू असतं. कॅमेऱ्यातून डीव्हीआर, डीव्हीआरमधून राउटर, राउटरमधून फायबरचा डबा (नेटची फायबर वायर घरात जिथे येते तो), तिथून सर्व्हर आणि शेवटी तुमच्या हातातला मोबाइल अशी ही साखळी आहे. कुठली कडी तुटली ते आधी बघायचं. हात लावायचा तो नंतर.

राउटरच्या भोकातली पिन

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विश्रामबागेतले एक निवृत्त शिक्षक लेकीच्या बाळंतपणासाठी काकूंना घेऊन पुण्याला गेले होते. घराला कुलूप. तिसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, ॲपवर चारही कॅमेरे ऑफलाइन झाले. बंद घर म्हटल्यावर माणूस घाबरणारच. सरांनी पुतण्याला घरी पाठवलं आणि कुणीतरी कधीतरी सांगितलेलं त्याला फोनवर सांगितलं, “राउटरला मागं बारीक भोक आहे बघ, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून धर.” पोरानं इमानदारीत दाबून धरलं.

मूळ कारण होतं ब्रॉडबँडचं रिचार्ज संपल्याचं. सरांनी पुण्यात बसून पैसे भरले असते तर कॅमेरे आपोआप परत आले असते. पण रीसेट केल्यावर राउटरमध्ये भरलेलं कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड पुसला गेला. वाय-फायचं नावही कारखान्यातून आलेलं होतं ते झालं. त्यामुळे रिचार्ज भरूनसुद्धा नेट येईना. हॉलमधले सहा स्मार्ट स्विच आणि डोअरफोन जुन्या नावाचं वाय-फाय शोधत राहिले. नेटवाल्यांचा माणूस सोमवारी येणार होता. दोन रात्री सरांना झोप लागली नाही. दर तासाला पुण्याहून मला फोन, आणि फोनवर मी काहीही करू शकत नव्हतो.

सोमवारी टीव्हीखालच्या कप्प्यात डोकं घालून बघितलं. डीव्हीआर हाताला कोमट लागत होता आणि हार्डडिस्कचा दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता. शनिवार ते सोमवार, मिनिटही न चुकता सगळं रेकॉर्डिंग जागेवर होतं. कॅमेऱ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

पिन घेण्याआधी फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. एलओएसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशाचा सिग्नलच येत नाही. एक तर फायबर कुठंतरी तुटलीय, नाहीतर मागची पिवळी वायर दाबली गेलीय किंवा सैल झालीय. तिथे तुमचं काम फक्त तक्रार नोंदवायचं. पॉनचा, म्हणजे फायबर सिग्नलचा दिवा हिरवा, स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल आहे, तर आधी रिचार्ज बघा. सगळे दिवे ठीक असतील तर त्याच वाय-फायवर मोबाइलमध्ये एखादी साइट उघडून बघा. ती उघडली तर नेट आहे, बिघाड डीव्हीआरच्या बाजूला. एवढं बघायला तीन मिनिटं लागतात. घाईची माणसं हीच तीन मिनिटं वाचवायला जातात.

बंद-चालू करणं आणि रीसेट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद-चालू खुशाल करा, पण क्रमाने. आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, राउटरवर नेट आलं की डीव्हीआर. मी प्रत्येक टप्प्याला दोन मिनिटं थांबतो. रीसेटची पिन मी बारा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा वापरली असेल, आणि तीही सगळे पासवर्ड कागदावर समोर असताना.

कनेक्शन नवं, पत्ता जुना

लोक नेटची कंपनी बदलतात, नवा राउटर येतो, आणि डीव्हीआर त्या दिवसापासून ऑफलाइन. याचं कारण दहात आठ वेळा एकच सापडतं. बसवणाऱ्याने डीव्हीआरला १९२.१६८.१.१०८ असा पक्का आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) दिलेला असतो, कारण जुना राउटर १९२.१६८.१.१ वर होता. आता आला जिओफायबरचा राउटर, तो १९२.१६८.२९.१ वर बसतो. डीव्हीआर जुन्याच दाराशी उभा राहून हाका मारतोय, आणि ते दार आता तिथं नाही. वायर जोडलेली, दिवा लागलेला, तरी बोलणं होत नाही.

डीव्हीआरला मॉनिटर किंवा टीव्ही जोडा, नेटवर्कच्या पानावर जा आणि डीएचसीपी चालू करा. मग तो राउटरकडून स्वतःच पत्ता मागून घेतो. घरगुती कामात मी डीव्हीआर नेहमी डीएचसीपीवर ठेवतो. पक्का पत्ता हवाच असेल तर तो राउटरमध्ये राखून ठेवतो. पक्का आयपी म्हणजे पक्कं काम, असा समज नव्या पोरांमध्ये फार आहे. तो कामाच्या पहिल्या दिवशीच सोडून द्यावा. त्याच पानावर डीएनएसचा रकाना रिकामा राहिला असेल तरी डीव्हीआरला नावावरून कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता सापडत नाही. तिथे ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

आणि नवा राउटर आला की नेटवाल्याच्या माणसाकडून वाय-फायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकून घ्या, अक्षर न् अक्षर तेच. घरातले सगळे स्मार्ट स्विच, प्लग, डोअरफोन आपापले जोडले जातात, एकालाही हात लावावा लागत नाही. हे कुणी सांगत नाही, आणि मग लोक चौदा-चौदा स्विच एकेक करून परत जोडत बसतात.

खातं कुणाच्या नावावर आहे?

मिरजेतल्या एका बंगल्यात काकू एकट्याच राहतात. मुलगा आखाती देशात. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी कॅमेरे बसवून दिले, ॲप सुरू करून दिलं, पैसे घेतले. मुलाने नवा फोन घेतला आणि ॲपमध्ये लॉगिन होईना. मी गेलो, डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे असा संदेश आला. खातं होतं बसवणाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर. त्याने धंदा बंद केलेला, फोन लागत नव्हता. डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्डही त्यालाच माहीत.

कंपनीला खरेदीचं बिल, डीव्हीआरच्या स्टिकरचा फोटो आणि अर्ज पाठवून ते खातं सोडवायला आठवडा गेला. त्या दिवशी काकूंना हे समजावून सांगत होतो. त्या ऐकत होत्या, आणि मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे तीन वर्षं तो माझं घर बघू शकत होता?”

हो, काकू. बघितलं की नाही हे मला माहीत नाही, पण बघू शकत होता. त्यांच्या हॉलमध्येही कॅमेरा होता. तो मी त्यांच्या समोरच काढून व्हरांड्यात लावला.

आमच्या धंद्यातली ही चूक मी माफ करत नाही. ओटीपीची वाट बघायला नको, गिऱ्हाइकाला समजवायला नको, म्हणून स्वतःचा नंबर टाकून मोकळं व्हायचं. वाचतात पाच मिनिटं, आणि दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या खिशात राहते. मी खातं गिऱ्हाइकाच्याच फोनवर, त्यांच्याच नंबरवर, त्यांच्याच हाताने उघडायला लावतो. पासवर्ड टाइप करताना मान वळवतो. दुरुस्तीसाठी मला बघायचं असेल तर त्यांनी ॲपमधून शेअर करायचं, आणि काम झालं की माझ्या समोर काढून टाकायचं. घरातल्या बाकीच्यांनाही लॉगिन वाटू नका, शेअरच करा. शेअर केलेल्याला फक्त लाइव्ह दिसावं की रेकॉर्डिंगही दिसावं, हे बऱ्याच ॲपमध्ये ठरवता येतं.

तुमचे कॅमेरे कुणाच्या खात्यावर आहेत हे आजच बघा. ॲपमध्ये उपकरणापुढे ‘शेअर केलेलं’ असं लिहिलेलं असेल तर मालक दुसरा कुणीतरी आहे.

पोर्ट उघडण्याचा हट्ट

यूट्यूबवर अजूनही जुने व्हिडिओ फिरतात: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा (म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट उघडा), कॅमेरे जगात कुठूनही बघा. करू नका. एक तर ते बहुतेक घरांत चालतच नाही. आयपी पत्ते कमी पडतात म्हणून नेटवाले अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या नेटच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला तर तुमचं घर त्या सामायिक पत्त्यामागे आहे. तिथे पोर्ट उघडून रात्र जागवली तरी बाहेरून कुणी आत पोचत नाही. आणि जिथे चालतं तिथे भलताच कुणी पोचतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने उघड्यावरचे कॅमेरे आणि डीव्हीआर असेच हुडकले, साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघितले आणि लाखो उपकरणं ताब्यात घेतली. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ला साइटच्या नावावरून त्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास बंद राहिल्या. साठेक पासवर्डच्या त्या यादीत ‘१२३४५६’ आणि ‘ॲडमिन’ होतेच. आपल्याकडे किती डीव्हीआरवर आजही तेच आहेत, हे मी रोज बघतो.

थोडक्यात सांगण्यासारखं

घरच्या वाय-फायवर चित्र दिसलं म्हणजे काम झालं असं समजू नका. मोबाइलचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बघा.

स्मार्ट स्विच जोडला जात नसेल तर तो बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा आहे आणि तुमचा फोन ५ वर आहे. जोडण्यापुरतं राउटरमधलं ५ बंद करा. अँड्रॉइडवर ॲपला लोकेशनची परवानगीही द्या, नाहीतर त्याला वाय-फायचं नाव वाचता येत नाही.

डोअरबेलचं नोटिफिकेशन उशिरा येतंय किंवा येतच नाही, तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवरची बंधनं काढा आणि ऑटोस्टार्ट चालू करा. यात डोअरबेलचा दोष नसतो.

चित्र अडकत असेल तर मोबाइलवर सबस्ट्रीम (कमी स्पष्टतेचं हलकं चित्र) निवडा. चार कॅमेऱ्यांचं पूर्ण एचडी एकदम बघायला घरच्या नेटचा अपलोडचा वेग तेवढा असावा लागतो.

डीव्हीआरची वेळ बघा. टाइम झोन जीएमटी +८ वर राहिला असेल आणि वेळ नेटवरून घेतली जात असेल, तर घड्याळ अडीच तास पुढे चालतं. चोरी रात्री दोनची असते, पोलीस दोनचं रेकॉर्डिंग मागतात, आणि ते साडेचारखाली पडलेलं असतं. भारतासाठी +५:३० टाका आणि एनटीपी (नेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू ठेवा.

डीव्हीआर इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या पॉइंटवर, हे निम्म्या घरांत दिसतं. लाइट गेली की रेकॉर्डिंग चालू राहतं आणि मोबाइलवर काहीच दिसत नाही. नेमकी तीच वेळ बघण्याची असते. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, पण आधी ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट जुळवून बघा.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका

नंबर घ्यायचा तो डीव्हीआरच्या खोक्यावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून. सर्चमध्ये वर दिसणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. “तुमचे कॅमेरे चालू करून देतो” म्हणत ते मोबाइलची स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतात आणि बँकेचा ओटीपी वाचतात. कॅमेरा दुरुस्त करायला कुणालाही तुमच्या मोबाइलची स्क्रीन आणि ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं अवघड.

आणि बसवणाऱ्याला फोन करायचा असेल तर आधी काहीही न दाबता फायबरचा डबा, राउटर आणि डीव्हीआर या तिघांच्या दिव्यांचा फोटो काढून पाठवा. मी प्रत्येक घरी डीव्हीआरच्या वर एक कागद चिकटवतो. त्यावर बसवल्याची तारीख, राउटरचा पत्ता, वाय-फायचं नाव आणि नेटच्या कनेक्शनचा ग्राहक क्रमांक असतो. पासवर्ड त्यावर कधीच लिहीत नाही, ते घरच्यांच्या डायरीत. सरांच्या घरी असा कागद नव्हता, कारण ते काम दुसऱ्या कुणाचं होतं. आता लावलाय, आणि पुतण्यालाही दिवे कसे वाचायचे ते दाखवून आलोय.