माँटेनेग्रिन मजकुराचे ऑनलाइन भाषांतर करताना

बेलापूर-नेरुळ भागात जहाजावर नोकरी करणाऱ्यांची अनेक घरे आहेत, आणि माँटेनेग्रो या युरोपातल्या देशातील कोटोर किंवा बार या बंदरांतून आलेला एखादा कागद वाचण्याची वेळ अशा घरांवर अचानक येते. माँटेनेग्रिन ही २००७च्या राज्यघटनेनुसार माँटेनेग्रोची राजभाषा असली, तरी भाषांतराच्या संकेतस्थळांवरील यादीत तिचे नाव बहुधा सापडत नाही. अशा वेळी तिच्या अगदी जवळची भाषा निवडावी. आलेला मजकूर वाचायचा असेल तर सर्बियन पुरते. मात्र आपला मजकूर तिकडे पाठवायचा असेल तर बोस्नियन घ्यावी, असे माझे मत आहे. दुधाला माँटेनेग्रोत ‘म्लियेको’ म्हणतात, तर सर्बियन निवडल्यास बहुधा ‘म्लेको’ येते. क्रोएशियनमध्ये दूध बरोबर येते, पण महिन्यांची नावे बदलतात आणि जूनचा ‘लिपान्य’ होतो. करारात असे होणे बरे नव्हे.

२००९च्या लेखननियमांनी रोमन वर्णमालेत दोन अक्षरांची भर घातली: तिरकी रेघ दिलेले एस आणि तशीच रेघ दिलेले झेड. यंत्र त्यांवर अडखळले, तर रेघ गाळून त्या अक्षरापुढे ‘जे’ (j) हे अक्षर लिहावे. म्हणजे कुऱ्हाडीसाठीचा ‘शेकिरा’ हा शब्द ‘स्येकिरा’ होतो आणि ओळखला जातो.

खरी काळजी घ्यावी लागते ती मोबाइलवरच्या संदेशांत, कारण घाईत लिहिणारे अक्षरांवरच्या खुणा गाळतात. ‘कुचा’ हा शब्द ‘चार’मधल्या च-सारखा उच्चारला तर त्याचा अर्थ घर, आणि ‘चाक’मधल्या च-सारखा उच्चारला तर ‘दार ठोठावतो’. लिहिताना हा फरक सी अक्षरावरच्या एका रेघेचा आहे. त्यामुळे भाषांतर विचित्र आले, तर खुणा घालून तेच वाक्य पुन्हा तपासावे.

या भाषेत मराठीसारखीच तीन लिंगे आहेत, तू आणि तुम्ही यांतला भेद आहे, आणि ‘मी आलो’, ‘मी आले’ हा फरकही क्रियापदातच दिसतो. भाषांतर मधल्या मध्ये इंग्रजीतून गेले की हे सारे पुसले जाते आणि वडीलधाऱ्या कप्तानाला आपण नकळत अरेतुरे करून बसतो. म्हणून पाठवण्यापूर्वी उत्तरात ‘ती’ हे सर्वनाम आले आहे की ‘वी’, हे अवश्य पाहावे. आदरासाठी ‘वी’ लागते. ‘ती’ म्हणजे तिकडे ‘तू’, हेही ध्यानात ठेवावे.

आकडे मात्र यंत्रावर सोडू नयेत. तिकडे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे पगारापुढचे १.२५० युरो म्हणजे साडेबाराशे युरो. करारावर सही करण्यापूर्वी किंवा तो तिकडच्या सरकारी कार्यालयात देण्यापूर्वी, माँटेनेग्रोत नेमलेल्या न्यायालयीन दुभाष्याकडून त्याचे शिक्क्यानिशी भाषांतर करून घ्यावे.