धबधब्याचा फोटो काढताना शटर किती वेळ उघडं ठेवायचं?

ऑटो मोडवर काढलेला धबधबा मोठ्या स्क्रीनवर बघितला की पाण्याच्या जागी नुसता पांढरा डाग दिसतो, असं बऱ्याच जणांचं होतं, माझंही पहिली दोन वर्षं हेच चाललं होतं. कॅमेरा सगळ्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो, मग काळे ओले खडक जास्त असले की तो फोटो उजळ करायला जातो आणि पाण्यातले सगळे बारकावे उडतात. म्हणून पहिलं काम म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा काळसर करायची सेटिंग, मायनस ०.७ किंवा मायनस १ वर आणायचं. खडक थोडे काळे आले तरी एडिटिंगमध्ये उजळता येतात, पण पाणी एकदा पूर्ण पांढरं झालं की त्यात परत काही आणता येत नाही.

आता शटर. १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ ठेवला तर थेंब न् थेंब गोठलेला दिसतो, प्रचंड जोरात कोसळणाऱ्या पाण्याला हे शोभतं. रेशमासारखं पाणी हवं असेल तर पाव सेकंद ते एक सेकंद. लोक एकदम दहा-दहा सेकंद ठेवतात, मला ते आवडत नाही, कारण पाण्याच्या धारा निघून जातात आणि कापूस पिंजून ठेवल्यासारखं दिसतं. माझी सुरुवात नेहमी अर्ध्या सेकंदापासून असते, मग बघून पुढेमागे. उंचावरून जोरात पडणाऱ्या पाण्याला १/८ पण पुरतो, खडकांवरून हळू घरंगळणाऱ्याला पूर्ण सेकंद लागतो.

अर्धा सेकंद हातात धरून जमत नाही, त्यामुळे ट्रायपॉड हवाच, अगदी साधा चालेल. फक्त त्याचे पाय वाहत्या पाण्यात ठेवू नका, प्रवाहाने थरथरतो आणि खडकसुद्धा धूसर येतात. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबतानाचा हादरा लागत नाही.

खरी अडचण उजेडाची आहे. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/१६ ठेवलं तरी शटर साधारण १/१०० च्या आसपासच येतं, आणि एफ/१६ च्या पुढे गेलात तर सगळा फोटोच मऊ पडायला लागतो. म्हणजे अर्धा सेकंद मिळवायला पन्नास पट उजेड कमी करायला हवा, त्यासाठी एनडी ६४ फिल्टर, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारी गडद काच, लागतो. फिल्टर नसेल तर ढगाळ दिवशी जा किंवा ऊन दरीत उतरायच्या आधी पहाटे जा, तेव्हा एफ/११ वर पण पुरेसा वेळ मिळतो, शिवाय उन्हाचे भगभगीत पट्टे नसल्याने रंग छान येतात. एकच फिल्टर घेणार असाल तर मी पोलरायझर घ्या म्हणेन. तो गोल फिरवला की ओल्या खडकांवरची आणि पानांवरची चमक जाते, हिरवा रंग एकदम गडद होतो, आणि उजेडही दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

फोनवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका. फोनचं अॅपर्चर बहुतेक वेळा बदलता येत नाही, पण प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात कमी आणि शटर १/१५ ठेवून, फोन घट्ट टेकवून, ओळीने आठ फोटो काढा आणि एडिटिंग अॅपमध्ये त्यांची सरासरी काढा, जवळपास अर्ध्या सेकंदाचाच परिणाम मिळतो. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर निवडलं तरी होतं.

इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीशी घ्या, आपल्या सावलीच्या डोक्यापासून साधारण ४२ अंशांवर ते तुषारांत दिसतं. अशा वेळी पोलरायझर जपून फिरवा, चुकीच्या कोनात इंद्रधनुष्यच गायब होतं!

तुषार लेन्सवर येतातच. जागा ठरेपर्यंत लेन्स खाली वळवून ठेवा, दोन-तीन कोरडी मायक्रोफायबर कापडं जवळ असू द्या, प्रत्येक फोटोआधी पुसा. शेवाळलेल्या खडकावर कॅमेरा डोळ्याला लावून चालायचं नाही, आधी उभं राहायचं मग बघायचं. आणि पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झालाय असं समजा, ट्रायपॉड आवरत बसू नका, आधी उंचावर जा.