अष्टमीचा चंद्र गच्चीवरून टिपायचा तर

चंद्राचा फोटो काढायचा म्हटलं की माणसं कोजागरीची वाट बघतात आणि कॅमेरा घेऊन पन्हाळ्याकडे निघतात. दुर्बिणीतून फोटो काढणार असाल तर पौर्णिमाही नको आणि पन्हाळाही नको. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, त्यामुळे सावल्याच नसतात आणि विवरं सपाट दिसतात. शुद्ध अष्टमी ते एकादशी हे दिवस दिनदर्शिकेत खूण करून ठेवा. त्या दिवसांत उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर ऊन तिरकं येतं आणि डोंगरांच्या सावल्या लांबच लांब पडतात. राहिला प्रश्न अंधाराचा. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या रस्त्यावरच्या दिव्यांनी त्याचं काही बिघडत नाही.

बिघडवते ती हवा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि आयपीसमधला (डोळा लावायच्या भिंगातला) चंद्र उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा हलतो. मातीचं अंगण किंवा गवत असलेली जागा मिळाली तर उत्तमच. गच्चीशिवाय इलाज नसेल तर संध्याकाळी पाण्याचा सडा मारा, आणि शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून नेम धरावा लागणार नाही अशी जागा निवडा. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका निवतो. चंद्र जितका वर, तितका चांगला. कोल्हापूरचा अक्षांश १७ अंशांच्या थोडा अलीकडे, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधली शुद्ध अष्टमी आपल्याकडे सूर्यास्ताच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येते. नवरात्रातल्या अष्टमीचा चंद्र त्या मानाने दक्षिणेकडे कललेला असतो. ऊसतोड सुरू झाली, गुऱ्हाळं पेटली, शेतात पाचट जाळायला लागले की क्षितिजालगत धुरकट थर बसतो, तेव्हा खाली उतरलेल्या चंद्राच्या मागे लागू नका. जून ते सप्टेंबर दुर्बीण पेटीतच बरी.

आता जोडणी. डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर त्याची लेन्स काढून ठेवायची. दुर्बीण हीच आता लेन्स. दोन वस्तू लागतात: तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटची (लेन्स बसते त्या खोबणीची) टी-रिंग, म्हणजे लेन्सच्या जागी बसणारं कडं, आणि सव्वा इंची नोझपीस, म्हणजे दुर्बिणीत सरकणारी छोटी नळी. टी-रिंग कॅमेऱ्याला लावायची, नोझपीस तिच्यात पिळायचा आणि आयपीस काढून त्या जागी फोकसरमध्ये, म्हणजे चाक फिरवून आत-बाहेर होणाऱ्या नळीत, सरकवायचा. टी-रिंग घेताना कॅमेऱ्याची कंपनी आणि माउंट नीट सांगा, कारण एकाची दुसऱ्याला बसत नाही.

न्यूटोनियन (आरशाची, बाजूने बघायची) दुर्बीण असेल तर इथेच गाडी अडते. फोकसर पूर्ण आत नेला तरी चंद्र धूसरच. दुर्बीण बिघडलेली नसते. प्रतिमा जिथे तयार होते तिथपर्यंत कॅमेऱ्याचा सेन्सर पोहोचत नाही. मधे बारलो लेन्स (प्रतिमा मोठी करणारं जादा भिंग) घातली की प्रतिमा बाहेर ढकलली जाते आणि काम होतं. मात्र २एक्स बारलोने नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) दुप्पट होतं. सेन्सरवर चंद्र केवढा पडेल याचा हिशेब सोपा आहे: नाभीय अंतराला ११० ने भागा. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत चंद्र सुमारे ११ मिलिमीटरचा येतो आणि एपीएस-सी या नेहमीच्या आकाराच्या सेन्सरच्या १५ मिलिमीटर उंचीत आरामात बसतो. तिलाच बारलो लावली तर २२ मिलिमीटर, म्हणजे चंद्र तुकड्यातुकड्यांत टिपून नंतर जोडावा लागेल. ६५० वाल्या छोट्या दुर्बिणीला मात्र बारलो बरोबर जुळते. कॅमेरा नसेल तर २५ मिलिमीटरच्या आयपीसवर फोनचं होल्डर लावूनही बरा फोटो येतो. फोन हातात धरून प्रयत्न करू नका, उगाच वैताग.

कॅमेरा लावला की नळी मागे झुकते, तेव्हा तोल आधी साधा. मग मॅन्युअल मोड. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा काळं आभाळ बघून उजेड वाढवतो आणि चंद्र पांढराफटक करतो. एफ/८ ची दुर्बीण (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आणि अष्टमीचा चंद्र असेल तर आयएसओ २००, शटर १/१०० पासून सुरुवात करा. बारलो लावली की प्रकाश चौपट कमी होतो, तेव्हा शटर न लांबवता आयएसओ वाढवा. चंद्र आपल्या व्यासाइतकं अंतर साधारण दोन मिनिटांत सरकतो, त्यामुळे मोटर नसलेल्या स्टँडवर १/६० पेक्षा सावकाश जाऊ नये. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवा.

फोकस हा सगळ्यात नाजूक भाग, इथे घाई नको. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून उजेड-अंधाराच्या सीमेवरचं एक विवर धरा. अष्टमीला टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक सापडतात. अल्फॉन्ससच्या मधोमध एक शिखर आहे; ते अंधाऱ्या तळावर टाचणीच्या टोकाएवढं चमकायला लागेपर्यंत फोकसरचं चाक फिरवा, थोडं पुढे जाऊ द्या, मग परत या. चाकाला हात लावला की सगळंच थरथरतं, म्हणून चाकाला कपड्याचा चिमटा लावा आणि त्याच्या टोकाला बोटाने ढकला. दहा पैशाचा नुसता चिमटा, पण महागड्या फोकसरची निम्मी सोय करतो.

बटण बोटाने दाबायचं नाही. दहा सेकंदांचा टायमर लावा. डीएसएलआरमध्ये मिरर लॉकअपही (आतला आरसा आधीच वर नेऊन हादरा टाळणारी सोय) चालू करा. चंद्र चौकटीच्या एका कडेला ठेवून सोडून द्या, तो सरकत दुसऱ्या कडेला जाईपर्यंत फोटो घेत राहा. एखाद-दुसऱ्या क्षणी हवा एकदम थांबते, म्हणून भरपूर फोटो घ्यायचे. मिनिटभराचा व्हिडिओ घेतला तर आणखी चांगलं.

त्यातल्या उत्तम चौकटी निवडून एकावर एक रचायचं काम ऑटोस्टॅकर्ट हे मोफत सॉफ्टवेअर करतं. वरच्या पाव भाग चौकटी घ्या, बाकी सोडा. नंतर रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटच्या (बारकावे उठावदार करणाऱ्या) पट्ट्या सरकवून धार आणा. विवरांच्या कडांना पांढरी किनार उमटायला लागली की समजा, जास्त झालं. एक पाऊल मागे या.

फोटो बघून घरात कोणीतरी विचारणारच, चांद्रयान कुठाय? २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरलं ते दक्षिणेला ६९ अंशांवर, म्हणजे टायको या दक्षिणेकडच्या ठळक विवराच्याही बरंच खाली, कडेजवळ. ती जागा बोटाने दाखवता येईल. लँडर दिसणार नाही. सहा इंची दुर्बिणीला चंद्रावरचं दीड किलोमीटरपेक्षा लहान विवर ओळखणंही जड जातं.